चौकटीबाहेर काय राहिले?

"फोटो कसा आलाय?" असे कुणी विचारले, की आपल्या भागात दोनच उत्तरे तयार असतात. मराठी माणूस 'छान' म्हणतो, कन्नड माणूस 'चलो ऐती' म्हणतो आणि मग दोघेही चहाकडे वळतात. विचारणाऱ्याचे समाधान होते, सांगणाऱ्याची सुटका होते. फोटो मात्र होता तिथेच राहतो. बेळगावातल्या हौशी फोटोग्राफरांच्या एका छोट्या मेळाव्यात मी बारा-तेरा वर्षे काढली. तिथे 'छान' या शब्दाला बंदी होती. ही बंदी कशी आली, तिच्यामागे केवढी जुनी परंपरा आहे आणि दोन भाषांच्या या सीमेवर एकमेकांच्या कामाविषयी खरे बोलणे किती अवघड नि किती गरजेचे आहे, हे सांगावे म्हणून हा लेख.

फोटोग्राफीची कला १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ च्या ऑक्टोबरात, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन झाली. कॅप्टन हॅरी बार हे तिचे पहिले अध्यक्ष. सभासदांत बहुतेक इंग्रज अधिकारी, पण डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. भाऊ दाजींचा जन्म गोव्यातल्या मांद्र्याचा, म्हणजे आपल्या चोर्ल्याच्या घाटाखालच्या मुलखातला. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामणांसारखे धंदेवाईक फोटोग्राफर तयार झाले.

या सोसायटीचे सभासद आपापले नमुने बैठकीत मांडत आणि त्यांवर चर्चा होई. तेव्हाची चर्चा मुख्यतः रसायनांची. आपल्याकडच्या उन्हात आणि दमटपणात काचेवरचा कलोडियनचा थर टिकत नसे, कागदावर डाग पडत. एकाने केलेली चूक दुसऱ्याने टाळावी हा त्या बोलण्याचा हेतू. म्हणजे हौशी माणसाच्या कामावर टीका करण्याची आपल्याकडची सुरुवात ही मुळात एकमेकांना उपयोगी पडण्यातून झाली. 'तुझे चुकले' याच्या पाठोपाठ 'मी असे करून पाहिले' हे वाक्य येत असे.

पण या परंपरेला एक डागही आहे. कलकत्त्याला १८५६ मध्ये अशीच संस्था निघाली. थोर विद्वान राजेंद्रलाल मित्र तिचे खजिनदार होते. १८५७ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमधल्या सभेत त्यांनी निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांच्या वागणुकीवर कडक टीका केली. तिचा फोटोग्राफीशी काडीचा संबंध नव्हता. तरीही संस्थेतल्या युरोपियन सभासदांनी गदारोळ करून त्यांना काढून टाकले. निषेध म्हणून काही भारतीय सभासद बाहेर पडले. एकमेकांच्या छायाप्रकाशावर मोकळेपणी बोलणारी माणसे, पण बोलणारा कोण यावर त्यांची सहनशक्ती ठरत होती. ही गोष्ट मी पुढे अनेकदा आठवली आहे, कारण सांगेनच.

आपल्या भागात कॅमेरा आला तोही याच सुमारास. डॉ. विल्यम पिगू हे मुंबई इलाख्याचे डॉक्टर आणि कॅप्टन थॉमस बिग्ज हे तोफखान्यातले अधिकारी. १८५५ ते १८५७ या काळात धारवाड, विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल या बाजूच्या देवळांचे आणि इमारतींचे फोटो या दोघांनी काढले. ते काम १८६६ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने निघाले आणि मेडोज टेलर व जेम्स फर्ग्युसन यांनी त्याला विवेचन जोडले. नंतर १८७४ मध्ये जेम्स बर्जेस यांनी पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिलाच हंगाम घालवला तो बेळगाव आणि कलादगी या दोन जिल्ह्यांत. किल्ल्यातली कमल बस्ती, रट्टांच्या राजवटीत १२०४ मध्ये बांधलेली, आपण शाळेच्या सहलीत पाहतो. तिच्याकडे त्या हंगामात अभ्यासकाच्या नजरेने पाहिले गेले.

हे जुने फोटो नीट पाहा. त्यांतल्या पुष्कळांत खांबाशेजारी एखादा माणूस उभा केलेला असतो. तो मापासाठी. खांब किती उंच आहे ते कळावे म्हणून. ग्रंथात खांबावर परिच्छेदच्या परिच्छेद असतात, त्या माणसाचे नाव नसते. तो चौकटीत आहे आणि तरी चौकटीबाहेर आहे.

बेळगावात काढलेला सर्वांत जास्त घरांत पोचलेला फोटो कोणता, असे विचारले तर मी स्वामी विवेकानंदांचा सांगेन. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी कोल्हापूरहून बेळगावला आले. प्रथम रिसालदार गल्लीत सदाशिवराव भाटे या मराठी वकिलांकडे उतरले आणि नंतर हरिपद मित्र या बंगाली वनाधिकाऱ्यांकडे राहिले. स्वामी फोटोला तयार नव्हते. हरिपदबाबूंनी हट्ट धरला म्हणून तो निघाला. यजमान मराठी, हट्ट बंगाली, स्टुडिओ बेळगावचा. शिकागोच्या आधी वर्षभर निघालेला हा फोटो कुठल्या स्पर्धेत गेला नाही की कुणी त्याला गुण दिले नाहीत. कुणाला तरी हा माणूस आपल्याजवळ राहावा असे वाटले, एवढीच त्याची पात्रता. फोटोवर अभिप्राय देताना 'हा कुणासाठी काढला?' हा प्रश्न आधी विचारावा, हे मला या फोटोने शिकवले.

*

विलायतेत हौशी फोटोग्राफरांच्या कामावर जाहीर अभिप्राय देण्याची प्रथा साप्ताहिकांनी वाढवली. 'अ‍ॅमॅच्युअर फोटोग्राफर' हे साप्ताहिक १८८४ मध्ये लंडनला सुरू झाले. त्याच्या १८८७ च्या स्पर्धेत परीक्षक होते पी. एच. इमर्सन. जर्मनीत शिकणाऱ्या एका अमेरिकन तरुणाने इटलीतल्या हसऱ्या पोरांचा फोटो पाठवला होता. इमर्सननी त्याला पहिले बक्षीस दिले आणि आलेल्या साऱ्या कामांत उत्स्फूर्त असे हे एकच आहे, असे कळवले. तो तरुण म्हणजे आल्फ्रेड स्टीग्लिट्झ. पुढे अमेरिकेत फोटोग्राफीला कलेचा मान मिळवून देण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा. अनोळखी मुलाच्या कामात नेमके काय जिवंत आहे ते एका वाक्यात दाखवणे याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

याच इमर्सनची दुसरी गोष्टही सांगायला हवी. १८८९ मध्ये त्यांनी फोटोग्राफी ही कला आहे असे ठासून सांगणारा ग्रंथ लिहिला, आणि दोन वर्षांच्या आत काळ्या चौकटीची पुस्तिका छापून आपलेच म्हणणे मागे घेतले. लोक हसले असतील. मला त्यात मोठेपणा दिसतो. दुसऱ्याला सुधारायला निघालेल्याने स्वतःही बदलण्याची तयारी ठेवावी लागते.

आपल्याकडे मुंबईत १९३७ मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया' निघाली, १९५३ मध्ये 'फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी' ही शिखर संस्था आली, बंगलोरला १९७१ मध्ये 'यूथ फोटोग्राफिक सोसायटी' सुरू झाली. या साऱ्यांनी 'सलोन' नावाची प्रदर्शने गावोगावच्या हौशी मंडळींपर्यंत पोचवली. बारा बाय पंधरा इंची प्रिंट करायची, पुठ्ठ्यात बांधून पोस्टाने पाठवायची. तीन परीक्षक गुण देत, बेरीज होई, आणि आपल्याला घरी कळे ते 'स्वीकृत' किंवा 'अस्वीकृत'. स्वीकृत झाले तर प्रिंटच्या पाठीवर चिकटपट्टी. का स्वीकारले आणि का नाकारले, ते मात्र त्या आकड्यात नसे. ते 'का' शोधण्यासाठीच आम्ही एकत्र आलो.

*

साल १९७९. आम्ही आठ जण. बँकेतला कारकून, मराठी शाळेतला चित्रकलेचा मास्तर, गोकाककडून बदलून आलेला एक कन्नड शिक्षक, कॅम्पातला एक निवृत्त सुभेदार, निपाणीच्या तंबाखूवाल्याचा मुलगा, असे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शहापुरात एका मित्राच्या माडीवर जमायचे. बहुतेकांची सुरुवात बडोद्यात बनणाऱ्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीवर झालेली. एका रोलात बारा चौकोनी फोटो. फिल्म असेल ती, पुष्कळदा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू'. तिचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले होते आणि ती परदेशी फिल्मपेक्षा परवडे. पगार होईपर्यंत पुढचा रोल मिळत नसे. म्हणून कुणी सांगितलेली चूक ही नुसती चूक नसे, ती पैशाची बाब असे.

माडीवर सुतळी बांधून तिला चिमट्यांनी प्रिंट लटकवत. सुरुवातीची पाच-सहा वर्षे आम्ही जे केले ते खरे म्हणजे भांडण होते. 'क्षितिज वाकडे आहे', 'डोक्यातून खांब उगवलाय', 'पांढरे सगळे जळले'. यातले बरेच बरोबर असे. तरी दोघे यायचे बंद झाले. तेव्हा चित्रकलेच्या मास्तरांनी पद्धत घालून दिली. ज्याचा फोटो त्याने गप्प बसायचे. बाकीच्यांनी आधी फक्त काय दिसते ते सांगायचे. आवडले की नाही ते नव्हे. डोळा आधी कुठे गेला, मग कुठे गेला, कुठे अडकला. ते झाल्यावर एकच दोष सांगायचा आणि तो सांगणाऱ्याने सुधारायचा मार्गही सांगायचा. डार्करूममध्ये आकाशाला दोन सेकंद जास्त उजेड दे, चेहऱ्यावर हात धरून तो झाक, पुढच्या वेळी गुडघ्यावर बसून काढ. मार्ग सांगता येत नसेल तर दोष पोटात ठेवायचा. आणि 'छान' म्हणायचे नाही, 'चलो ऐती'ही नाही. कारण त्या शब्दांनी समोरच्याच्या हाती काही पडत नाही.

मास्तरांकडे काळ्या पुठ्ठ्याचे इंग्रजी 'एल' आकाराचे दोन तुकडे होते. ते एकमेकांवर ठेवले की चौकट होते. प्रिंटवर सरकवत कुठे कापले तर फोटो सुधारेल ते पाहता येते. कधी ते प्रिंट उलटी लटकवायचे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा जगप्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफरही फोटो उलटे धरून पाहायचा. उलटा केला की गोष्ट नाहीशी होते आणि नुसत्या काळ्या-पांढऱ्याचा तोल उरतो. आमच्यातला निम्मा गोंधळ या एका युक्तीने मिटला. जो तो आपल्या भाषेत बोले. मराठीला कन्नडमधून उत्तर येई, आणि सुभेदार दोन्हींत आपली हिंदी मिसळत. कुणाला भाषांतर लागत नसे.

मग १९८६ चा जून आला. कन्नडसक्तीविरुद्धचे आंदोलन, हिंडलग्याचा गोळीबार, बंद, अटका. हे तुमच्यापैकी अनेकांच्या घरांतले दुःख आहे, त्याचा तपशील मी सांगायला नको. आमची माडी तीन महिने बंद राहिली. परत जमलो तेव्हा गोकाककडच्या शिक्षकांनी बंदच्या दिवसांतला एक फोटो लावला. एका अरुंद गल्लीतले मिटलेले दुकान, पायरीवर बसलेला एकटा म्हातारा, वर पाटी. पाटीवरची कन्नड अक्षरे पूर्ण दिसत होती. मराठी अक्षरे पहिल्याच अक्षराला कापली गेली होती.

आधी काय दिसते ते सांगायचे, हा नियम मी मोडला. "मराठी कापून टाकलंत की सर," मी म्हणालो. आवाज चढलेला होता. माडीवर कुणी बोलेना.

ते माझ्याकडे बघत एकच शब्द बोलले, "याक?" का? मग खिशातून निगेटिव्हची पट्टी काढून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. त्यांचा कॅमेरा झेनिट, लेन्स ५८ मिलिमीटरची. गल्ली पंधरा फुटांची. समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले तरी त्या लेन्समध्ये जेमतेम नऊ फूट रुंदी मावते, आणि पाटी त्याहून लांब होती. पट्टीवर शेजारीच दुसरी फ्रेम होती. तिच्यात मराठी अक्षरे पूर्ण आणि कन्नड अर्धी कापलेली. म्हातारा पहिलीत नीट आला होता म्हणून त्यांनी ती छापली होती.

मला राजेंद्रलाल मित्र आठवले. मी फोटोवर बोलतच नव्हतो. फोटो काढणारा कोण, यावर बोलत होतो. त्यांची क्षमा मागितली. पण मास्तर म्हणाले, "थांबा. याला दिसलं ते खोटं नाही. या महिन्यात हा फोटो भिंतीवर लावला तर गावातला प्रत्येक मराठी माणूस हेच बघेल. सरांच्या मनात ते नव्हतं, हे फोटोला सांगता येत नाही." मग मार्ग कोणता? तो शिक्षकांनीच काढला. पुढच्या रविवारी त्यांनी दोन्ही फ्रेमा एकाच पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी लावून आणल्या. एका पाटीचे दोन अर्धे तुकडे आणि मधे तोच म्हातारा दोनदा बसलेला. सलोनच्या नियमात ते बसणारे नव्हते. आमच्या मेळाव्यातले ते सर्वांत चांगले काम होते, आणि ते माझ्या चुकीच्या बोलण्यातून, त्यांच्या न चिडण्यातून आणि मास्तरांच्या 'थांबा'मधून झाले होते. त्या दिवसापासून आमच्या पद्धतीत एक पायरी वाढली. दोष सांगण्याआधी 'याक?' असे विचारायचे.

*

शेवटचा धडा निपाणीचा. निपाणी म्हटले की तंबाखू आणि तंबाखू म्हटले की १९८१ चे शेतकरी आंदोलन, शरद जोशींच्या नेतृत्वाखालचा रास्ता रोको आणि ६ एप्रिलचा गोळीबार, हे आपल्याला आठवते. पण वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांचाही एक लढा त्याच सुमारास चालू होता. त्याच्यावर बंगलोरच्या 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये एक छोटा कृष्णधवल माहितीपट केला, 'तंबाखू चाकीला ऊब आली'. दीपा धनराज यांनी दिग्दर्शन केले, नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी चित्रण केले. त्याची रीत वेगळी होती. ही मंडळी बायकांबरोबर राहिली, काय दाखवायचे ते त्यांच्याशी बोलून ठरवले, आणि बायकांनी आपल्या संपातले प्रसंग कॅमेऱ्यापुढे पुन्हा उभे केले. ज्यांचे चित्र, त्यांचे मत आधी घेतले गेले.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हते. १९८८ च्या सुमारास निपाणीच्या मित्राच्या ओळखीने मी एका वखारीत गेलो. कवडशात उडणारी धूळ, तोंडाला पदर बांधलेली एक पन्नाशीची बाई, फक्त डोळे उघडे. फोटो माडीवर गेला. मास्तरांनी 'एल' सरकवले आणि खालचा भाग कापायला सांगितला. चेहरा जवळ आला, फोटो जोरकस झाला. सलोनमध्ये स्वीकृत झाला. पाठीवर चिकटपट्टी आली. मला धन्यता वाटली.

गोकाकच्या सरांनी विचारले, "त्या बाईला दाखवलात का?" दाखवला नव्हता. पुढच्या महिन्यात प्रिंट घेऊन गेलो. तिने पदराला हात पुसून ती धरली, बराच वेळ पाहिली.

"दादा, हात कुठं हाईत?" ती म्हणाली. "धूळ खातंय ते तोंड, काम करतंय ते हात. निम्मंच आणलासा."

आठ जणांनी तो फोटो उलटा-सुलटा करून पाहिला होता. तीन परीक्षकांनी गुण दिले होते. कापलेल्या भागात तिचे चाळणी धरलेले दोन हात होते, हे तिच्याखेरीज कुणाला जाणवले नव्हते. मूळ निगेटिव्हवरून पूर्ण फ्रेम छापली. खालचा भाग काळवंडलेला होता. हातांना जास्त वेळ झाकून कसेबसे उजळले. फोटो पहिल्याइतका जोरकस नाही झाला, पण खरा झाला. तोही तिला नेऊन दिला. तिने पाहिला, मान हलवली आणि परत केला. "ह्यो तुमी ठेवा. मला लेकीसंगट एक काढून द्या." नवे लुगडे नेसून, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून, ताठ उभी राहून, सरळ लेन्समध्ये पाहत तिने फोटो काढून घेतला. माडीवर लावला असता तर आम्ही त्याचे वाभाडे काढले असते. तिने तो भिंतीवर लावला. हरिपदबाबूंच्या हट्टाचा फोटो तोच. नाव तेवढे वेगळे.

*

आमची माडी १९९२ च्या सुमारास थंडावली. मास्तर गेले, सुभेदार गावी गेले, रंगीत रोल आले, प्रयोगशाळेतून तासाभरात प्रिंट मिळू लागल्या. २०१४ पासून गावाचे सरकारी नाव बेळगावी झाले. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, नातवंडे एका दुपारी आमच्या वर्षभराइतके फोटो काढतात आणि विचारतात, "आजोबा, कसा आलाय?"

मास्तरांचे ते दोन काळे 'एल' त्यांच्या मुलाने मला दिले. ते माझ्या टेबलाच्या खणात आहेत. नातीने परवा फोटो दाखवला. कपिलेश्वराच्या तळ्याकाठी तिची मैत्रीण. तोंडावर 'छान' आले होते. गिळले. डोळा आधी कुठे गेला ते सांगितले. मग विचारले, "कुणासाठी काढलास?" "तिच्यासाठी," ती म्हणाली, "ती पुढच्या महिन्यात धारवाडला चाललीय." फोटोत मैत्रीण एका कडेला होती, आणि कडेपासून एक हात अर्धा आत आला होता.

"हा कुणाचा हात?"

"माझाच की. दुसऱ्या हातात मोबाइल होता ना."

मी खणातून 'एल' काढलेच होते. ते परत ठेवले. तो हात कापायचा नव्हता. "पुढच्या वेळी," मी म्हणालो, "दोन पावलं मागं ये आणि दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांग. तूही पूर्ण ये त्यात."